सतरा नंबरवालीचा नवरा

...नाय, मी म्हणते, 'भावनिक होऊ नका' म्हंजे नक्की काय होऊ नका? रडत होते का मी? कपाळ बडवत होते का? सरळ उभी होते, पदर खोचलेला, आवाज खणखणीत, आणि स्टेजवरचा तो अध्यक्ष मला सांगतो, "मावशी, भावनिक होऊ नका, प्रश्न असेल तर विचारा!" अरे बाबा, प्रश्न इचारायला कुणी पेणच्या खाडीवरून रोह्याला येतं का? रामवाडीच्या नाक्यावर तासभर उभी, मंग नागोठण्याला गाडी बदलली, आणि सोबतीला कोण, तर आमची शेजारीण ठमाबाई, जिला येष्टीत बसायच्या आधीच मळमळतं! एवढं सगळं कशासाठी? मला दुसरं काय नको होतं हो. एक नाव पायजे होतं.

थांबा, मधूनच सांगितलं तर तुम्हाला कळायचं नाय. रोह्याच्या कॉलेजात ते राष्ट्रीय चर्चासत्र होतं. दोन दिवसांचं. 'सागरी सुरक्षा आणि किनाऱ्यावरचा समाज'. समाज म्हंजे आम्ही. दोनशे खुर्च्या मांडल्या होत्या त्यातल्या दोनवर समाज बसला होता, एक मी आणि एक ठमाबाई, आणि ठमाबाई झोपली होती.

मी का गेले, तर माझा घरवाला. आता त्याचं नाव मी कधी घेतलं नाय. आमच्यात घेत नाय. लग्नात उखाण्यात एकदा काय ते घेतलं, तेही जावांनी दार अडवून धरलं म्हणून, बाकी चोवीस वर्षं 'अहो', 'ऐकलं का', आणि डोकं फिरलं की 'ओ खाडीकर!' बाईनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. मी एवढं जपलं, एवढं जपलं त्याचं आयुष्य... तरी बेचाळीस-त्रेचाळीसलाच संपलं. काय म्हणायचं याला?

तर मुंबईत ते मोठं कांड झालं, समुद्रातून माणसं आली, माणसं मारली, त्यानंतर आमच्या गावात मीटिंग झाली. साहेब आले, म्हणाले, "तुम्ही मच्छीमार म्हणजे देशाचे कान आणि डोळे!" टाळ्या. मी मागं बसले होते, मी ठमाबाईला म्हटलं, कान आपण, डोळे आपण, मंग तोंड कुणी ठेवलंय गो स्वतःजवळ? पण आमचा घरवाला खूश. गावच्या राखणदार पथकात पयलं बोट त्यानं वर केलं. एक शिट्टी मिळाली, एक फोन नंबर मिळाला, आणि ओळखपत्र म्हणाले छापायला गेलंय. ते अजून छापतायत. मला वाटतं सोन्यात छापत असतील.

पण गडी काय इमानी! शिट्टी गळ्यात घालून जेवायला बसायचा. मी म्हणायची, आमटीत पडेल ती. तर म्हणायचा, "पुतळे, तुला नाय कळायचं, ड्युटी हाय ती." ड्युटी! चौथी शिकलेला माणूस, आयुष्यात कुणी कागदावर कामाला ठेवला नाय, त्याला पयल्यांदा ड्युटी लागली होती. सायबासारखा चालायला लागला होता हो. मी हसायची.

नारळी पुनवेला आठ दिवस होते. भर दुपार. अंगणात जाळं शिवत बसला होता. एकदम उठला. खाडीच्या तोंडाशी एक होडी, आपल्या गावची नाय, वर माणूस दिसत नाय, ओहोटीबरोबर चाललीय बाहेर. झालं! लगेच फोन लावला. तिकडून म्हणाले, "लक्ष ठेवा, माणूस पाठवतो." त्यानं लक्ष ठेवलं. अर्धा तास ठेवलं. होडी चालली लांब. मला म्हणतो, "इथून काय लक्ष ठेवू? तिच्यावर नाव लिवलेलं असेल, जाऊन वाचून येतो." मी म्हटलं, वारा बघा काय सुटलाय, मरू दे ती होडी. तर म्हणाला, "भाकरी टाक, आलोच."

मी भाकरी टाकली.

ती होडी कुठल्याशा बार्जची होती, दोर तुटून वाहत आलेली. रिकामी. अतिरेकी नाय, बंदूक नाय, एक बादली होती म्हणे तिच्यात. होडी तिसऱ्या दिवशी मिळाली. धड. आणि आमचा त्याच दिवशी संध्याकाळी मिळाला. शिट्टी गळ्यात होती.

आणि कागदावर काय लिवलं? 'मासेमारी करताना बुडून मृत्यू'! मी म्हटलं, अहो, जाळं अंगणात पडलंय, अर्धं शिवलेलं, मासे काय शिट्टीनं धरणार होता का? तर लिवणारा म्हणतो, "मावशी, पथकात होता याचा कागद हाय का? कार्ड हाय का?" कार्ड छापायला गेलंय! "मंग आम्ही काय लिवणार? मच्छीमार होता, पाण्यात गेला, मासेमारी." बघा म्हंजे! त्या बादलीवाल्या होडीचं नाव बिनचूक लिवलं, नंबरसकट. आणि गावात काय झालं, की असल्या वाऱ्यात चार बोयऱ्या माशांच्या लोभानं गेला. माझी सासू, बायजाबाई, सख्खी आई त्याची, ती पण म्हणते, "हावरट होता लहानपणापासून." आईनं म्हणावं? तिचा तरी काय दोष, कागदात तसंच हाय, आणि म्हातारी कागदाला लय मानते.

म्हणून म्हणते, मला पैका नको, फोटो नको, पुतळा नको, पुतळी मी घरात हाय तेवढी पुरे. एका ओळीत दोन गोष्टी पायजे होत्या. त्याचं नाव, आणि तो पहाऱ्यावर होता एवढं. दुसरं काय नको हो. एक नाव पायजे होतं.

तर वर्षभरानं आमच्याकडं फरझाना आली. रोह्याचीच पोर, बाप इलियास तिकडं आखातात, आणि ही पुण्याला शिकते. काय शिकते, तर संरक्षणशास्त्र! मी म्हटलं, गो, तू तर एवढीशी, तू कुणाचं संरक्षण करणार? हसली. चार वेळा आली. चिखलातून, चप्पल हातात धरून. माझ्याकडं कोळंबीचं कालवण जेवली, सासूच्या शिव्या ऐकल्या, आणि मशीन चालू करून म्हणाली, "मावशी, सांगा." मी सांगितलं. ते दुपारचं सगळं सांगितलं, भाकरीपासून शिट्टीपर्यंत. तिच्या डोळ्यांत पाणी. मंग नाव इचारलं. आता आली का पंचाईत! मी म्हटलं, मी घेत नाय, गोकुळात यशोदा पोराला हाक मारायची ना, तेच. आणि पोरगी मुसलमानाची, पण पटकन कळलं हो तिला! म्हणाली, "समजलं मावशी." मला वाटलं, चला, हिला कळलं म्हंजे पुस्तकात छापून आलंच.

मंग एक कागद काढला. वाचून दाखवला तिनं, खोटं कशाला बोलू, सगळा वाचून दाखवला. 'नाव गुप्त ठेवण्यात येईल.' मला वाटलं माझं! बाईमाणसाचं नाव चव्हाट्यावर कशाला, म्हणून ठेवत असतील. मी म्हटलं, ठेव गो माझं गुप्त, माझं काय करायचंय. आणि चौथीतली सही ठोकली. मीच. या हातानं.

तीन वर्षं ती लिवत होती. मी पण थांबले. सासूला सांगून ठेवलं, आता मोठ्या पुस्तकात येणार हाय, मंग बघू कोण हावरट म्हणतं. आणि तिचा फोन आला, "मावशी, रोह्यात मी निबंध वाचणार आहे, याल का?" येणार नाय तर काय! ठेवणीतलं लुगडं काढलं.

तिथं काय, दिवा लावायलाच पाऊण तास! वरून पंखा सोडलेला, आणि सात माणसं मेणबत्ती घेऊन फिरतायत, एक वात पेटवली की दुसरी विझतेय. कुणाला पंखा बंद करायचं सुचेना. मीच मागनं ओरडले, पंखा बंद करा की! झाला बंद. लागला दिवा. ही यांची सुरक्षा!

मंग एक रिटायर साहेब बोलले. भिंतीवर नकाशा, नकाशावर लाल बाण. तीन पदर हायत म्हणे सुरक्षेचे, बाहेर मोठी जहाजं, मधे छोटी, आणि काठावर समाज. आमचं गाव शोधलं मी. बाणाच्या टोकाखाली गेलं होतं. आणि शेवटी काय म्हणाला? "मच्छीमार म्हणजे देशाचे कान आणि डोळे!" हात जोडले मी.

मंग आमची फरझाना उभी राहिली. घाबरली होती, पाणी प्यायली. वाचायला लागली. सगळं होतं हो त्यात. वारा होता, फोन होता, ओळखपत्र नाय ते होतं, अर्धवट जाळं होतं. मी ठमाबाईला ढोसून उठवलं, ऐक गो, आपलं आलं! आणि वाचते काय, "गाव 'क' येथील उत्तरदाती क्रमांक सतरा, हिचे पती..."

मी इचारलं, सतरावी कोण गो?

ठमाबाई म्हणाली, "तूच असशील."

सतरा! अहो, येष्टीच्या शीटला नंबर असतो, रेशनच्या रांगेला असतो, त्या बादलीवाल्या होडीला होता! हिचे पती, हिचे पती, हिचे पती, तीन वेळा आलं, आणि एकदा पण नाव नाय! मला वाटलं पोरगी विसरली. मंग वाटलं, नाय, माझंच चुकलं, मीच तोंडानं घेतलं नाय म्हणून हिनं लिवलं नाय, यशोदाबिशोदा कशाला सांगत बसले!

निबंध संपला तर एक चष्मेवाले प्राध्यापक उठले. "काम चांगलं आहे. पण नमुना फार लहान आहे." लहान? दारातून वाकून यायचा तो! "एका घटनेवरून निष्कर्ष काढता येत नाही," म्हणे. आणखी किती बुडवू मी, सांगा? गावात बापे उरलेत पन्नास-साठ.

मी उठलेच. माईक आणायला कुणीतरी धावलं, म्हटलं नको, खाडीच्या पलीकडं आवाज जातो माझा. म्हटलं, ही सतरावी मी. आणि जो बुडला त्याला नाव हाय. तेव्हा तो अध्यक्ष, "भावनिक होऊ नका." आणि फरझाना जवळ येऊन हळूच, "मावशी, नियम असतो, नाव देता येत नाही, त्यांच्याच भल्यासाठी..."

म्हटलं, गो बाय, त्याचं आता काय भलं करायचं राहिलंय?

आणि घेतलं. अहो, लग्नापासून जे तोंडात अडवून ठेवलं ते घेतलं. कान्हू. कान्हू महिपती नाखवा. मासे धरायला नाय गेला, पहाऱ्यावर होता. आता कशाचं आयुष्य कमी होणार हाय!

मला वाटलं, आता कुणीतरी लिवून घेईल. पेनं होती हो प्रत्येकाच्या खिशाला! तर काय केलं? टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष म्हणाला, "अत्यंत मौलिक हस्तक्षेप. चहाला उशीर होतोय." आणि सगळे चहाला.

फरझाना माझ्या गळ्यात पडून रडली. मी काय करू, तिची पाठ थोपटली. तिचा काय दोष, तिनं तर वाचून दाखवलं होतं. म्हणाली, "मावशी, नाव घातलं असतं तर सरांनी निबंधच पास केला नसता." मी म्हटलं, पास हो गो तू. रडू नको.

दुसऱ्या दिवशी निघताना दारात टेबल. कॉलेजचा कारकून बसलेला, पुढं गुळगुळीत कागदांचा गठ्ठा, रुबाबदार, कडेला सोनेरी वेलबुट्टी. येईल त्याचं नाव भरून देत होता. मला म्हणाला, "नाव बोला मावशी, पटकन, मागे रांग आहे." आणि बघा, एकदा जीभ सैल झाली ती झाली. मी म्हटलं, कान्हू महिपती नाखवा.

त्यानं वर बघितलं. "ते हजर होते का?"

तर माझ्या मागनं फरझाना म्हणाली, "होते, सर. दोन्ही दिवस होते."

त्यानं लिवलं. काय सुंदर अक्षर! घरी नेऊन काच लावून घेतली. सासूला वाचून दाखवलं... 'श्री. कान्हू महिपती नाखवा यांनी सागरी सुरक्षा या विषयावरील दोन दिवसीय राष्ट्रीय चर्चासत्रात उपस्थित राहून सक्रिय सहभाग घेतला.' म्हातारीनं दोनदा वाचायला लावलं. काचेवरून हात फिरवला. त्या दिवसापासून हावरट म्हणायची थांबलीय. कागद हाय ना!

तर आता असं हाय बघा... सरकारच्या कागदावर तो मासे धरायला गेला, कॉलेजच्या कागदावर रोह्याला चर्चेला गेला. पहाऱ्यावर तेवढा कुठंच गेला नाय.