मधली फिन

(सकाळ. स्वयंपाकघर. तो ओल्या केसांनी खुर्चीत बसलेला, ती ओट्यापाशी. डब्यांच्या फळीवरून काहीतरी टक्कन फरशीवर पडतं.)

तो : काय पडलं गं?

ती : काही नाही. झाकण.

तो : झाकण असं वाजतं होय? बरं, जाऊ दे. मी काय म्हणत होतो, शेपटी सुटतच नाहीये सर्फबोर्डाची. तळाच्या पात्यांतली मधली फिन तू फार मोठी लावलीस.

ती : चहा घे आधी. गार होतोय.

तो : घेतो, पण ऐक. लाट झकास होती, खांद्याएवढी. उभा राहिलो...

ती : उभा राहिलास?

तो : राहिलो म्हणजे काय! आधी दोनदा आपटलो, ते सोड. मग राहिलो. वळायला म्हणून मागचा पाय दाबला, तर बोर्ड ढिम्म. गोल शेपटी असून! तव्यावरून उलथनं फिरतं तसा फिरायला हवा. तूच सांगतेस ना गिऱ्हाइकांना?

ती : सांगते.

तो : मग? मधली काढून टाक. बाजूच्या दोनच ठेव. मधली नसली की शेपटी कशी ओल्या साबणासारखी निसटते. मला तेच हवंय.

ती : हं.

तो : रुसलीस? अगं कारागीरबाई, तुझ्या हाताला नावं नाही ठेवत मी. बोर्ड देखणाच झालाय. बुटका, गुबगुबीत, आपल्या लेकीसारखा, ठकीसारखा. फिनांचं गणित तेवढं चुकलंय.

ती : किती वेळा बदलल्या रे आपण?

तो : बदलल्या असतील. एकच लावलीस, तर आळशी निघाला. चार लावल्यास, तर नुसता पळत सुटला, वळायचं नाव नाही. म्हणून तर तीन. सापडेल गं, थोडं राहिलंय.

ती : बोर्ड पाण्यापर्यंत कुणी नेला?

तो : शेजारच्यानं. नेहमीसारखा. कव्हरसकट काखेत मारला, तिथं कव्हर काढून पाण्यात ठेवला, मी आपला नवरदेवासारखा वर आडवा झालो.

ती : आणि परत?

तो : त्यानंच आणला, कव्हर घालून. अंगणात भिंतीला लावलाय. का? वकिलासारखी काय उलटतपासणी चाललीय सकाळी सकाळी?

ती : खालून बघितलास?

तो : खालून काय बघायचं? फिना तू लावतेस. लग्नाच्या आधीपासून तूच लावतेस. तुझ्या बोर्डाखाली मी कधी वाकून बघितलंय?

ती : नाही बघितलंस.

तो : हातात काय आहे तुझ्या?

ती : काही नाही म्हटलं ना.

तो : दाखव बघू ते झाकण. अगं दाखव... ही फिन आहे.

ती : हो.

तो : जुनी?

ती : तुझीच. मधली.

तो : मग बोर्डाखाली आहे ती कुठली?

ती : खाली काही नाही. रिकामी खाच आहे. काल बाजूच्या दोन्ही आवळल्या, ही बसवणार तेवढ्यात दूध उतू गेलं. हातात घेऊनच आत धावले. फळीवर ठेवली, ती राहिली.

तो : म्हणजे मी दोनच फिनांवर होतो.

ती : हो.

तो : दोन फिना, गोल शेपटी. आणि मी तुला सांगतोय, सुटत नाही म्हणून.

ती : तुझा पाय नीट दाबला गेला नसेल.

तो : दाबला! जीव खाऊन दाबला मी!

ती : तुला वाटलं दाबला.

तो : हं.

ती : दुसरा चहा टाकू?

तो : मरू दे चहा. मुद्दाम केलंस?

ती : नाही रे.

तो : मुद्दाम केलंस म्हण. बघू याला कळतंय का, म्हणून काढून ठेवलीस. म्हण ना. मला चिडता तरी येईल.

ती : विसरले. खरंच विसरले.

तो : शेपटीवर पॉलिश पेपर दोन हात जास्त फिरला तरी मला कळायचं.

ती : माहितेय. तुझ्या तळपायावर तर माझा धंदा चालायचा. पाण्यातून यायचास आणि केस पुसत म्हणायचास, डावी कड जाड राहिलीय. मोजावं तर असायचीच जाड. इतका राग यायचा मला तुझा.

तो : आता नाही येत.

ती : आता यावा असं वाटतं.

तो : कधीपासून माहितेय तुला? बोर्डात खोट नाही ते?

ती : एकच फिन लावली होती ना, तेव्हापासून.

तो : आणि तरी बदलत राहिलीस.

ती : मग काय करू? पाठीच्या ऑपरेशनला इतके महिने झाले, डॉक्टर अजून तेच म्हणतात. नस जागी झाली तर झाली. माझ्या हातात काय आहे? रंधा आहे, पाना आहे, फिना आहेत. ज्याला हात घालता येतो त्याला घातला. शेपटी अजून गोल कर म्हणालास, केली. फिना पुढं घे म्हणालास, घेतल्या. तुझ्या पायाला नाही रे मला रंधा मारता येत.

तो : येत असता तर सोडला नसतास.

ती : चांगला गुळगुळीत करून दिला असता.

तो : हसू नकोस.

ती : हसत नाहीये.

तो : माहितेय... चार लाव परत.

ती : अरे...

तो : चारच. पण मागच्या दोन अजून जरा मागे. म्हणजे पाय इकडंतिकडं पडला तरी बोर्ड सांभाळून घेईल. घेईल ना?

ती : काय सांगू.

तो : घेईल की नाही? तू कारागीर आहेस.

ती : लावते.

तो : आजच?

ती : आज. ठकीची वेणीफणी उरकू दे.

तो : मी कव्हर काढून ठेवतो तोवर.

ती : हळू जा. उंबऱ्याकडे बघ.

तो : बघतोय. हल्ली तेवढंच तर बघतो.

ठकी : आई, बाबा गेले?

ती : अंगणात आहेत. तू कधी उठलीस गं?

ठकी : कधीच. दाराआड उभी होते. बाबा ओरडले म्हणून आत नाही आले.

ती : ओरडले नाहीत, मोठ्यानं बोलले. ये, बस इथं. फणी आण ती.

ठकी : बाबांच्या पायाला कळत नाही?

ती : झोपलाय तो पाय.

ठकी : टोचलं तरी नाही कळत?

ती : नाही. म्हणून तर पायात चप्पल आहे का ते वाकून बघतात. हलू नकोस, भांग वाकडा होतोय.

ठकी : कुठला पाय?

ती : उजवा. बोर्डावर मागे असतो तो.

ठकी : आणि झोपताना माझ्याकडे असतो तो?

ती : हो, तोच.

ठकी : पण मी तर रोज त्याच पायाला गुदगुल्या करते.

ती : मान सरळ ठेव.

ठकी : मग बाबा एवढे हसतात कसे, आई?