देवीला जाऊन येते

नमस्कार. मालतीसाठी आज इतकी माणसं आली, हॉलमधल्या खुर्च्या पुरल्या नाहीत, हे तिला आवडलं असतं. मला बोलणं जड जातंय. तरी बोलणार आहे, कारण माझ्याआधी इथे जे बोललं गेलं, ते ऐकून गप्प बसले तर स्वतःला तोंड दाखवता येणार नाही.

आपले सेक्रेटरी म्हणाले, मालतीताई फार भाविक होत्या. दर रविवारी टेकडीवरच्या देवीला जायच्या. देवीनेच त्यांना पायाशी बोलावून घेतलं. मग नितीन, तिचा मुलगा, म्हणाला की आईच्या नावाने देवळात घंटा बांधणार. आणि हात जोडून म्हणाला, बाकीच्या काकूंना घरच्यांनी आता टेकडीवर पाठवू नये.

पाठवू नये. ऐकलात शब्द? जणू आम्ही पार्सल आहोत.

नितीन, मान वर कर. तुझी आई भाविक नव्हती.

"काकू, आज नको," असं पुटपुटलास ना आत्ता? ऐकू आलं मला. आज नको तर कधी? उद्या रविवार आहे.

तुझे बाबा गेले, त्यानंतरची आई आठव. मी समोरच्या दारातली, मला आठवते. संध्याकाळी केमिकल कंपन्यांचा वास सुटला की इथे मानपाड्यात आपण सगळेच खिडक्या लावतो. ती सकाळीही उघडेना. टीव्ही चालू, आवाज बंद. मी बेल दाबली की दार चार बोटं उघडायचं, "काही नको गं," आणि बंद. तुम्ही तिला जपत होतात. आई, जिना उतरू नको. आई, भाजी ऑनलाइन मागव. आई, आराम कर. इतका आराम दिलात की चहाचा कप उचलायला तिला दोन हात लागायला लागले.

मग एक दिवस तिनेच माझी बेल दाबली. म्हणाली, "आमच्या गावी शाळा डोंगरापलीकडे होती. मला परत चढायचंय. येतेस?"

मी विचारलं, "घरी काय सांगशील?"

"देवीला जाऊन येते म्हणेन. देवीला कोण नाही म्हणतंय?"

मी कॉन्व्हेंटमधली. खरं बोलणं सिस्टरनी पट्टीने शिकवलेलं. म्हटलं, मी खोटं बोलत नाही.

"अगं, देवी वर आहे ना? आपण वरच जाणार ना? मग खोटं कुठंय?"

तर अशी ही भक्ती. पिशवीत वर नारळ, खाली कॅनव्हासचे बूट. रिक्षात बसलो की चपला पिशवीत आणि बूट पायात. मग सुनंदा आली, तिच्यामागून आणखी काही जणी. वर पोचलो की मालती देवळाच्या दारातूनच हात जोडायची, "बाई, तुझं नाव वापरतेय, रागावू नकोस," आणि पाठ फिरवून थेट कड्याकडे. नारळ तिथेच फोडायचा, अर्धा तिथेच खायचा. उरलेल्याच्या वड्या तुम्ही सगळ्यांनी डोळ्यांना लावून खाल्ल्या आहेत.

कड्यावरून सगळी डोंबिवली दिसते, पलीकडे खाडीची रेघ. ती आपली बिल्डिंग शोधायची. म्हणायची, "बघ, त्या एवढ्याशा डबीत रडत होते मी."

पहिल्या रविवारी ती अर्ध्या वाटेवरून परतली होती. पुढे पुढे ती वर आणि मी खाली धापा टाकतेय. मला शाळेत डोक्यावर पुस्तक ठेवून ताठ चालायला शिकवलेलं. ती वरून ओरडायची, "मॅडम, पुस्तक ठेवा आता आणि पायाखाली बघा." खिडक्या उघडल्या. टीव्हीला आवाज आला. एका सकाळी खाली भाजीवाल्याशी कडाकडा भांडताना ऐकली, तेव्हा मला कळलं, ही बरी झाली.

आता त्या रविवारचं सांगते. शेवटच्या वळणावर ती दगडावर बसली. म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच." मालती कधी कुणाला पुढे होऊ द्यायची नाही. म्हणून मी मागे वळले. तिचा हात माझ्या हातात होता, आणि मग नुसता हातच होता.

नितीन, हॉस्पिटलात तू म्हणालास, "काकू, तुम्ही नेलंत तिला." त्याचं उत्तर आज देते. मी नेलं नाही. ती गेली, स्वतःच्या पायांनी. डॉक्टर तुझ्यासमोर म्हणाले, हे घरी सोफ्यावरही झालं असतं. सोफ्यावर झालं असतं, तर आज इथे सोफे बंद करा म्हणून कुणी हात जोडले असते का?

घंटा बांध, बाळा. देवीने आम्हाला फार सांभाळून घेतलंय. पण ते बूट टाकू नकोस. चपलांच्या कपाटात, जुन्या छत्रीमागे आहेत. सुनंदाला बरोबर येतात, तिच्या बुटांचे तळ गेलेत. हो सुनंदा, तुझंच नाव घेतलं. शेजारी भाऊ बसलेत, त्यांनाही ऐकू दे. "हे नको म्हणतात," असं तू मला परवापासून सांगतेस. भाऊ, तुम्हाला नको असेल तर तुम्ही चढू नका. आमची काही जबरदस्ती नाही.

मालतीने मला चालायला शिकवलं. माझ्या वयाला हे सांगायला लाज वाटायला हवी, नाही वाटत. तिच्याकडून घ्यायचं एवढंच राहिलं होतं की न भिता निघायचं, आणि माझ्याकडून तिला द्यायचं राहिलं ते हे, की खरं सांगून निघायचं. उद्या आम्ही नारळ घेणार नाही. बूट घरातूनच घालून, जिना वाजवत उतरणार आहोत. कुणाला अडवायचं असेल त्याने गेटवर यावं.

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं गप्प राहू. मनात तुम्ही तिला काय म्हणायचं ते म्हणा. मी मोठ्याने म्हणून घेते, चोरून खूप झालं.

मालती, डोंगर चढून येतो गं.