मॅनेजरसाहेबांची वरखाली होणारी खुर्ची

खुर्च्यांचा विषय तुम्हीच काढलात, म्हणून सांगतो. पंच्याऐंशीच्या सुमारास आमच्या अंधेरीच्या कारखान्यात मॅनेजरसाहेबांसाठी वरखाली होणारी परदेशी खुर्ची आली. साहेब उंचीने बेताचे. समोर बसणाऱ्यापेक्षा आपण उंच दिसावे, एवढीच त्यांची मनीषा. परंतु बसल्या बसल्या दांडी ओढली की खुर्ची वर जाण्याऐवजी खालीच जाई. अखेर टेबलावर त्यांची नुसती हनुवटी उरली, तेव्हा मला बोलावणे आले. कारण खुर्चीसोबतची इंग्रजी माहितीपुस्तिका साद्यंत वाचलेला कचेरीत मी एकटाच होतो.

“साहेब, दांडी ओढताना आपण क्षणभर उठायचे. भार गेला, की खुर्ची आपोआप वर येते.”

“मी उठायचं? अहो, सासरे आले तरी मी उठत नाही. खुर्चीसाठी उठू?”

“पुस्तिकेत तसे स्पष्ट लिहिले आहे, साहेब.”

“मग तुम्ही पुस्तिकाच वाचत बसा. आणि जाताना सुताराला आत पाठवा.”

मला वाटले, सुतार साहेबांच्या खुर्चीखाली ठोकळे बसविणार. त्याने पाहुण्यांच्या चारही खुर्च्यांचे पाय वीतभर कापले.