ड्रायव्हरकडची खिडकी

दवाखान्यात गुडघ्याची फाइल मांडीवर घेऊन मास्तर नंबरची वाट बघत बसले होते. समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ, एका बाजूला त्यांची मुलगी, दुसऱ्या बाजूला मुलगा. मुलाच्या तळहातावर काडेपेटीहून जराशी मोठी निळी टॅक्सी.

"बाबा, बघा तरी. तुमची टॅक्सी."

"छान आहे हो. कोणाची?"

"ताई, तिसऱ्यांदा विचारलं त्यांनी! तीन आठवडे डोळे फोडलेत मी. खिडक्यांची ही चंदेरी पट्टी बघ, केसाएवढी. श्वास रोखून रंगवलीय."

"पट्टी झकासच आहे. तिथंच तर घोडं पेंड खातंय."

"म्हणजे?"

"ड्रायव्हरकडच्या खिडकीला चंदेरी होतीच कुठं? बाबा दिवसभर तिथं कोपर टेकवायचे. घासून घासून नुसता पत्रा उरला होता."

"अगं, तेवढंच उघडं ठेवलं तर लोक म्हणतील, रंगवायचं राहिलं."

"लोकांना चालवायची आहे का?"

"घे. तूच खरवड. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

मास्तर गुडघा विसरून पुढे वाकले. मुलीने नखाने तेवढी पट्टी काढली आणि टॅक्सी वडिलांच्या हातात ठेवली. त्यांचा अंगठा त्या जागेवरून एकदा फिरला. मग पुन्हा फिरला.

"बसा दोघं मागे. आणि ताई, दार जपून लाव गं. मागच्या वेळी धाकट्याचं बोट सापडलं होतं."