तो तारा नव्हता

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक निवृत्त खगोलशास्त्रज्ञ आणि त्यांची विद्यार्थिनी बसली होती.

“सर, त्या दीर्घिकेचं अंतर काढायला तिच्यातला सगळ्यात तेजस्वी तारा म्हणून तुम्ही जो मोजलात, तो वायूचा ढग आहे.”

“ढग मुळात ताऱ्याहून तेजस्वी, तरी इथून ताऱ्याएवढाच दिसतो. म्हणजे दीर्घिका मी सांगितली त्याहून लांब?”

“जवळजवळ दुप्पट.”

“आणि बाकीच्या?”

“अकरा तपासल्या. नऊमध्ये ढगच निघाले.”

“तीस वर्षं ढग मोजत बसलो म्हण की!”

“तुम्ही नको म्हणालात तर नाही छापणार, सर.”

“वेडी आहेस का? दुरुस्तीचा मसुदा आणलायस?”

“आणलाय. पण ऑपरेशननंतर बघू ना.”

“आत्ता दे. नर्सने थेंब घातले की अक्षरं दिसणार नाहीत... हे काय, तुझं एकटीचंच नाव? माझं वर घाल. चूक माझी आहे.”