अमावस्येचा विमा

विम्याचा विषय निघालाय म्हणून सांगतो. तेव्हा आम्ही पुण्याजवळ सूसला भाड्यानं राहत होतो आणि तिथून जवळच चांद्याला फ्लॅट घेतला होता. सामान बांधून झालं, टेम्पो दारात आला, आणि घरमालक तात्या आडवे आले. "आज आमुशा हाय. आज घर सोडायचं न्हाई."

टेम्पो परत पाठवला. म्हटलं, निदान गाडीचा विमा तरी उरकू, त्याची मुदत त्याच दिवशी संपत होती. एजंटला फोन करून नवा पत्ता सांगितला.

तो म्हणाला, "साहेब, उद्या करू. अमावस्येला काढलेला विमा फळत नाही."

मी ओरडलोच, "अहो, गाडीचा विमा फळायला नकोच आहे मला!"