निळं उतरेपर्यंत

हॅलो?… हो, लॅबच. माइकेन बोलतेय. कोण, गुनेल?… बोल ना.

नाही गं, कॉफीलाही आला नाही तुझा नवरा. त्याचा दालचिनीचा पाव झाकून ठेवलाय… इथेच आहे की. गॅस ओढणाऱ्या कपाटापुढे बसलाय, माझ्याकडे पाठ करून.

काय?… घरी आहे म्हणजे?… अगं, मी बघतेय ना त्याला!

उठून येईलच कसा? फ्लास्क अजून निळा आहे. आमच्या लॅबमध्ये ज्याने निळं केलं, त्याने रंग जाईपर्यंत जागचं हलायचं नाही. एलोफ तर या नियमाचा भलता पक्का… हो, हो… ऐक ना…

स्वयंपाकघरात? कोट न घालता? एवढ्या बर्फात?… बुटांना बर्फच नाही?… काहीच बोलत नाही? आणि अमोनियाचा वास?

गुनेल, थांब. फोन ठेवू नकोस. मी त्याला हाक मारते.

…

अगं, हा बघत नाहीये. हात गारठलाय. श्वास… आहे. नाही. आहे… आता नाही.

हो, मोबाइलवरून कळवलं, रुग्णवाहिका निघालीय… तू रडू नकोस. तिकडचा काय करतोय?… मध्येच पुसट होतो? मग परत दिसतो?

अगं बाई…

काही नाही. त्याच्या मांडीवर अल्कोहोलची बाटली आहे. बूचसुद्धा काढलेलं नाही. फ्लास्कमध्ये घालायच्या आधीच शुद्ध हरपली असणार… सांगते, सांगते. सोडियम घातलं की द्रव अमोनिया निळा होतो, ते निळं म्हणजे मोकळे इलेक्ट्रॉन. त्यातला एखादा फ्लास्कमधल्या दुसऱ्या रेणूत शिरतो, पण अल्कोहोलकडून हायड्रोजन मिळाला नाही तर तिथे टिकत नाही, माघारी येतो. आत, बाहेर. आत, बाहेर… तुला आत्ता हे कशाला सांगतेय मी? मला भीती वाटतेय, गुनेल.

काय म्हणालीस?… गारठलाय म्हणून ब्रँडी देऊ का?

…

दे.

हो, मला कळतंय मी काय म्हणतेय ते. ब्रँडी म्हणजेही अल्कोहोलच. ओठांना ग्लास लाव. हळू… घेतोय?… सगळा घेऊ दे.

गुनेल… निळं उतरतंय. मी नाही काही घातलं, बूच तसंच आहे… कडेकडेनं पांढरं होत चाललंय… गेलं.

काय?… खुर्ची रिकामी?… अगं, ओरडू नकोस, कुठे शोधतेस त्याला? ऐक माझं. इकडे… इकडे त्याने मोठा श्वास घेतला. परत घेतला. एलोफ? हो, मीच, माइकेन… बसून राहा, उठू नकोस.

आहे गं, आहे. डोळे उघडलेत. थांब, फोन त्याच्या कानाला लावते, तूच बोल…

गुनेल, अगं, याच्या तोंडाला ब्रँडीचा वास येतोय.